‘पिक अप’ म्हणजे उचलणे? मग पेटी गेटवरच का राहिली?

शिरोली_डिस्पॅच

मंडळी, राम राम. सांगायला जरा लाज वाटते, पण इथं सगळी आपलीच माणसं आहेत म्हणून सांगतो.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत डिस्पॅच बघतो. इंग्लंडचं एक गिऱ्हाईक आहे, त्याला पंपाची कास्टिंग जातात. मागच्या महिन्यात त्याचा मेल आला. ओळी चारच, आणि चारही ओळींत ‘पिक अप’. पहिली ओळ: डिमांड हॅज पिक्ड अप. दुसरी: अवर इन्स्पेक्टर पिक्ड अप अ हेअरलाइन क्रॅक इन वन पीस. तिसरी: वुई विल पिक अप द फ्रेट ऑन द न्यू सॅम्पल्स. चौथी: लेट्स पिक अप द ड्रॉइंग डिस्कशन ऑन मंडे.

शाळेत पाठ केलेलं एवढंच, की पिक अप म्हणजे उचलणे. त्यामुळं पहिली ओळ वाचल्यावर पोटात गोळाच आला. मागणी उचलली, म्हणजे काढून घेतली की काय! दुसऱ्या ओळीत इन्स्पेक्टरनं तडा उचलला होता. तडा कसा उचलतात हे काही कळेना, म्हणून ती ओळ सोडून दिली. तिसरी मात्र एकदम सरळ वाटली. नमुने ते उचलणार, म्हणजे त्यांची गाडी येणार. मी सहा नमुन्यांची लाकडी पेटी बांधून घेतली, पट्ट्या मारल्या, वजनकाट्याशेजारी ठेवली आणि वॉचमनला सांगितलं, कुरिअरवाला आला की सही घेऊन सोड. मंगळवार गेला, बुधवार गेला. वॉचमनमामा त्या पेटीवर डबा ठेवून जेवायला लागले. शुक्रवारी साहेबांचा पाय त्या पेटीला लागला.

साहेब म्हणाले, “अरे, विमानाचं भाडं ते सोसणार आहेत, एवढंच लिहिलंय त्यांनी. पाठवायचं आपणच होतं.”

आता मला कुणीतरी नीट सांगा. या एका पिक अपचे अर्थ तरी किती, आणि त्याला मराठीत धड एक शब्द आहे का नाही?

बिनपाण्याची_मिसळ

भावा, चार दिवस पेटी गेटवर आणि गिऱ्हाईक तिकडं वाट बघतंय. नाद खुळा! वॉचमनमामांना तरी टेबल मिळालं.

खडू_फळा

शिरोलीकर, लाज वाटून घेऊ नका. तुमच्या चार ओळींत या क्रियापदाचे चार वेगळे अर्थ आले आहेत, परीक्षेत द्यावी अशी चिठ्ठी आहे ती. मी तीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलं, आता घरी असतो, तेव्हा जरा लांबण लावतो.

पिक म्हणजे टोचणे, खुडणे, वेचणे. अप म्हणजे वर. दोन्ही एकत्र आले की पहिला अर्थ सरळ निघतो, खाली पडलेली वस्तू वर घेणे. बाकीचे सगळे अर्थ त्या वाकण्यातून आणि हातात घेण्यातून फुटले आहेत. तुमची दुसरी ओळ बघा. तडा डोळ्यांना दिसत नव्हता, तो तपासणीत ‘हातात आला’. म्हणजे सापडला, पकडला गेला. इथं पर्यायी शब्द डिटेक्ट. रेडिओ स्टेशन पकडतो, मोबाइल रेंज पकडतो, तेही पिक अपच. चौथ्या ओळीत मागच्या वेळी अर्धवट ठेवलेली चर्चा पुन्हा हातात घ्यायची आहे. तिथं पर्याय रिझ्यूम. आपण म्हणतो, सोडलेला धागा पुन्हा धरला. तिसऱ्या ओळीत खर्च अंगावर घेणे, म्हणजे पे किंवा बेअर. आणि पहिलीत वाढणे, सुधारणे. इंप्रूव्ह, इनक्रीज.

आपल्या पोरांची चूक कुठं होते सांगतो. वहीत लिहितात, पिक अप बरोबर लिफ्ट, आणि पुढं जातात. एक शब्द बरोबर एक शब्द. असं क्रियापद एकटं वाचायचंच नसतं. काय उचललं जातंय ते आधी बघायचं. पेन, भाषा, सर्दी, बिल, वेग. कर्म बदललं की अर्थ बदलतो.

सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय, की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून केलेला अर्थ परक्या माणसाला सगळ्यात जास्त अडवतो. म्हणजे पावणेतीनशे वर्षांपूर्वीच त्याला तुमची पेटी दिसली होती म्हणा की. ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र त्या मानानं कालचं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये ते वापरलं आणि हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचंही सांगितलं.

करवीरकन्या

सर, मी राजारामपुरीत क्लासला जाते, स्पर्धा परीक्षेची तयारी. आमच्या नोट्समध्ये पिक अपचे समानार्थी असे दिलेत: लिफ्ट, कलेक्ट, अ‍ॅक्वायर, लर्न, डिटेक्ट, रिझ्यूम, अरेस्ट, इंप्रूव्ह. पाठ केले तर चालतील ना? परीक्षेत ऑप्शनलाच असतात.

खडू_फळा

पाठ करा बाळ, पण पाठ करताना प्रत्येकाला एकेक वाक्य बांधून ठेवा. हे आठ शब्द पिक अपचे समानार्थी आहेत खरे, पण एकमेकांचे नाहीत. अरेस्टच्या जागी इंप्रूव्ह घाला आणि बघा काय होतंय. शिवाय बोलण्याचा बाज वेगळा. ‘शी अ‍ॅक्वायर्ड सम कन्नड’ हे अर्जात लिहायचं इंग्रजी, ‘शी पिक्ड अप सम कन्नड’ हे चहाच्या गाड्यावरचं. दुसऱ्यात आणखी एक गोष्ट आपोआप येते. ती क्लासला गेली नाही, बाजारात बोलता बोलता शिकली. ते बारकं ‘सहज’ लर्नमध्ये नाही.

ऊसवाला_शिरोळ

मास्तर, तुम्ही म्हणालाय एक शब्द न्हाई म्हणून, पण आमच्याकडं उचल हाय की! आमचं निम्मं आयुष्य उचलीवर चाललंय.

कारखाना सुरू व्हायच्या टायमाला पहिला प्रश्न, पहिली उचल किती? म्हंजे उसाच्या बिलाचा पहिला हप्ता. त्यावरनंच दरसाल आंदोलनं पेटत्यात. कायद्यानं ऊस कारखान्याला घातल्यापास्नं १४ दिवसांत एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान दर) द्यायची असत्या, पण ते राहू दे, त्या विषयावर गेलो तर धागा उसातनं बाहेर येणार न्हाई. दुसरी उचल ऊसतोड टोळीची. मुकादम पावसाळ्यातच बीडकडं जाऊन मजुरांना उचल देतोय, म्हंजे आगाऊ पैसं. ती फिटंपर्यंत माणूस बांधला. तिसरी उचल सोसायटीची, कर्ज उचललं. पगारबी उचलत्यात.

हे सगळं इंग्रजीत पिक अप हुतंय का?

डांबर_खडी

ऊसवाले, नाही होत. आणि इथंच माझा पोपट झाला होता, म्हणून सांगतो.

मी रस्त्याची बारीकसारीक कामं घेतो. आपल्यात ‘बिल उचललं’ म्हणजे काय? काम झालं, मोजमाप झालं, सही झाली आणि ठेकेदाराच्या खात्यात पैसे आले. बिल उचलणारा खुश. आमचा मेहुणा पुण्यात आयटीत आहे, त्याच्या परदेशी साहेबाबरोबर आम्ही सगळे जेवायला गेलो. तांबडा-पांढरा झाला, साहेबाचे कान लाल झाले, आणि साहेब म्हणाला, लेट मी पिक अप द बिल. मी मनात म्हटलं, आयला, हा कशाचं बिल उचलतोय? जेवला तो, आणि पैसे त्यालाच मिळणार? मेहुण्यानं पाय दाबला म्हणून गप्प बसलो.

इंग्रजीत बिल उचलणारा पैसे भरतो. आपल्याकडं बिल उचलणारा पैसे घेतो. शब्द तेच, पैसा उलट्या दिशेनं.

शिरोली_डिस्पॅच

डांबर_खडी दादा, हे वाचून हसू का रडू कळेना. म्हणजे माझी तिसरी ओळ इथंच घसरली होती. पण थांबा, ‘खर्च उचलणे’ म्हणजे आपल्यातही खर्च सोसणेच की. ‘पोरीच्या लग्नाचा खर्च मामानं उचलला.’ मग खर्च उचलला तर पैसे गेले आणि बिल उचललं तर पैसे आले. मराठीच मला आता अवघड वाटायला लागली.

खडू_फळा

आता लागलात तुम्ही रस्त्याला. खर्च हा भार आहे, म्हणून तो उचलणाऱ्याच्या खांद्यावर येतो. ठेकेदाराच्या तोंडी बिल म्हणजे मिळायची रक्कम, म्हणून ती उचलणाऱ्याच्या खिशात येते. पिक अप द बिल म्हणणारा इंग्रज बिलाकडं भार म्हणून बघतो. उचलणं दोन्हीकडं तेच आहे. भार आणि रक्कम यांत कोण कशाकडं बघतोय, एवढाच फरक.

तेव्हा शिरोलीकर, तुमच्या गिऱ्हाइकाचं वाक्य मराठीत असं: नव्या नमुन्यांचं भाडं आम्ही सोसू. किंवा, भाडं आमच्याकडं. ‘उचलू’सुद्धा चाललं असतं, फक्त भाडं हा शब्द माल म्हणून न वाचता खर्च म्हणून वाचायला हवा होता.

माहेर_कागल

मी इथं फक्त वाचते, आज लिहावंसं वाटलं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका वहिनींनी मराठीत टाकलं, ‘आज माझ्या मुलाला शाळेतून कोण उचलेल?’ त्यांना पिक अप म्हणायचं होतं. दहा मिनिटांत दोन सासूबाईंचे फोन, काय झालं, कुणी उचललं, पोलिसात कळवलं का!

मराठीत मूल शाळेतून आणतात. न्यायला जातात, घ्यायला जातात. उचलतात ते पळवून नेणारे.

बिनपाण्याची_मिसळ

किंवा पोलीस. ‘काल रात्री पक्याला उचलला’ म्हटल्यावर कुणी विचारत नाही की कुठल्या शाळेतनं.

खडू_फळा

आणि तिथं इंग्रजी अगदी हुबेहूब जुळतं बघा. पोलिसांनी उचललं, पिक्ड अप बाय द पोलीस. दोन्हीकडं सूर तोच, जरा दबका. रीतसर अटक झाली का नुसतं चौकशीला नेलं, हे सांगायचं टाळणारा. करवीरकन्या, म्हणून नोट्समधल्या अरेस्टपुढं एक बारीक प्रश्नचिन्ह काढून ठेवा.

थंडीतली_कोल्हापुरी

मी लीड्सला नर्स आहे, सात वर्षं झाली. इथं दिवसाला पन्नास वेळा हा शब्द कानावर पडतो. सुरुवातीला घरमालकीण म्हणायची, कुड यू पिक अप सम मिल्क ऑन युवर वे होम? मला वाटायचं कुठंतरी दूध ठेवलंय, ते उचलून आणायचं. पैसे द्यायचे असतात हे कळायला एक दिवस गेला. त्याचं मराठी अगदी साधं, ‘येताना दूध घेऊन ये’. वाटेवर आहेस, मुद्दाम जायचं नाही, हा जो भाव आहे ना, तो आपल्या ‘येताना’मध्ये आहे. क्रियापदात शोधत बसलात तर सापडणार नाही.

आणि वॉर्डात ‘पिक्ड अप अ‍ॅन इन्फेक्शन’. आपण कधीच म्हणणार नाही की त्यानं जंतू उचलले. आपल्यात रोग लागतो. सर्दी होते, ताप येतो, खरूज लागते. माणूस काही करत नाही, त्याला ते होतं. इंग्रजीत मात्र माणूस कर्ता, जणू त्यानंच वाकून सर्दी हातात घेतली. फार तर आपण पोराला वैतागून म्हणतो, ‘आलास ना शाळेतनं सर्दी घेऊन!’ ते बऱ्यापैकी जवळ जातं.

रविवारचा_पेठकर

एवढं काय अवघड आहे? पिक म्हणजे निवडणे. पिक अप म्हणजे चांगलं बघून निवडणे. विषय संपला.

करवीरकन्या

दादा नाही, निवडणे नुसता पिक किंवा पिक आउट. पिक ऑन म्हणजे एखाद्याच्या मागं लागणे, त्यालाच सारखं टोचणे. हे आमच्या टेस्टला येऊन गेलंय आणि मी चुकलेय, म्हणून पक्कं लक्षात आहे.

मराठी_बाणा_१९६०

धागा वाचून वाईट वाटलं. करवीर नगरीत बसून इंग्रजांच्या क्रियापदांची आरती! त्यांनी आपली क्रियापदं शिकावीत.

खडू_फळा

शिकतात की, आणि तेही रडकुंडीला येतात. एका जर्मन बाईंना काही महिने मराठी शिकवत होतो. त्या ‘बोलून बसला’ या दोन शब्दांवर अडल्या. म्हणाल्या, बोलला, मग बसला, बरोबर? म्हटलं नाही, तो उभाच होता. बोलायला नको होतं ते बोलला. मग ‘करून टाकलं’ मध्ये काय टाकलं? ‘खाऊन घे’ मध्ये काय घ्यायचं? ‘देऊन टाक’ मध्ये द्यायचं का टाकायचं? त्यांनी वही मिटली.

बाणासाहेब, आपली संयुक्त क्रियापदं त्यांच्या अप-डाउन-ऑफचीच भावंडं आहेत. ईट अप म्हणजे वर खा नव्हे, खाऊन टाक. त्यांचा ‘अप’ तिथं आपल्या ‘टाक’चं काम करतो, काम पुरतं संपवतो. पिक अपमधला अप मात्र अजून थोडा वर बघतो. आपण उचलून धरतो, उचलून घेतो, उचलून देतो. उचलून धरलेली मागणी वेगळी, उचलून घेतलेलं बाळ वेगळं. परक्या माणसाला यातलं एकही कोशात बघून कळत नाही.

लाल_माती

सर बरोबर बोललासा. तालमीत बघा. ‘उचलून आपटला’ म्हंजे हरला. ‘उचलून घेतला’ म्हंजे जिंकला, पब्लिकनं खांद्यावर घेतला. मागचा शब्द बदलला की निकाल बदलला.

आणि एक सांगतो. आमच्या वस्तादांनी कधी वही घेऊन डाव शिकवला न्हाई. बारकी पोरं हौद्याच्या कडेला बसून बघत्यात आणि बघून बघून डाव उचलत्यात. ही मघाशी कन्नडवाली भाषा उचलली तसंच ना? मग हितं पिक अप आणि उचलणं एकच झालं की.

सकाळी पळायला गेल्यावर वस्ताद मागनं वरडत्यात, ‘पाय उचला, पाय उचला!’ त्येबी पिक अपच का?

थंडीतली_कोल्हापुरी

अगदी तेच! पिक अप द पेस, पिक अप युवर फीट. इथं पार्कात धावणाऱ्या बायकांची कोच हेच ओरडते. तुमचे वस्ताद इथं आले तर एका दिवसात इंग्रजी उचलतील.

ढेप_आणि_रवा

गुळाच्या अडतीवर तीस वर्षं गेली, म्हणून पहिल्या ओळीचा निकाल मी लावतो. डिमांड हॅज पिक्ड अप याला सुधारणे, वाढणे असले शब्द कशाला? मार्केट यार्डात कुणालाही विचारा. मालाला उठाव आलाय. बस्स. सौद्याच्या वेळी पहिला सवाल हाच असतो, उठाव कसा काय? उठाव नसला की गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, नुसते थप्पीला पडून.

पण शब्द जपून वापरा. मालाला उठाव आला म्हणजे चांगलं, आणि बाजार उठला म्हणजे सगळं संपलं. शिरोलीकरांनी साहेबांना जाऊन ‘बाजार उठला’ सांगितलं असतं तर पेटीबरोबर तेही गेटवर बसले असते.

शिरोली_डिस्पॅच

उठाव! अण्णा, हा शब्द आमच्या डिस्पॅचमध्ये रोज वापरतो आम्ही. ‘या पार्टाला उठाव न्हाई, पुढं रेटू नका’ असं मीच फोनवर म्हणतो. आणि मेल वाचताना तो आठवला नाही. इंग्रजी दिसलं की आपलं मराठी कुठं पळतं देव जाणे.

खडू_फळा

अण्णांनी माझे दोन्ही शब्द खोडले, आणि योग्यच केलं. एक पुरवणी. ‘उचल खाणे’ हा आपला शब्दप्रयोग काही जण पिक अपला लावतात, तो तिथं लावू नका. जुन्या दुखण्यानं उचल खाल्ली, वादानं पुन्हा उचल खाल्ली, असं म्हणतात. दबलेलं काहीतरी डोकं वर काढतं, बहुतेक वेळा नको असलेलं. धंद्यानं उचल खाल्ली म्हटलं तर कानाला खटकतं. वारा पिक्स अप, तिथं ‘वाऱ्यानं जोर धरला’. गाडी पिक्स अप स्पीड, तिथं ‘गाडीनं वेग घेतला’.

तिसरी_घंटा

गाडीवरनं आठवलं. माझ्या जुन्या मोटरसायकलला पिकअप राहिला नाही म्हणून मेकॅनिककडं गेलो, तर रस्त्यात पिकअपनं कट मारला, आणि मी ऑर्केस्ट्रात ज्या गिटारवर वाजवतो तिच्या तारांखालच्या पिकअपची वायर सुटली. एका दिवसात तीन पिकअप. तिन्ही नाम, एकही क्रियापद नाही. सर, हे कसं?

खडू_फळा

छान विचारलंत. नाम झालं की जोर पहिल्या तुकड्यावर येतो. ‘पि’कअप. क्रियापदात जोर मागच्या तुकड्यावर, पिक ‘अ’प. म्हणून बोलताना गोंधळ होत नाही, लिहिताना होतो. तुमच्या गिटारचा पिकअप तारेचं कंपन पकडतो, पिकअप गाडी माल उचलून नेते आणि इंजिनाचा पिकअप वेग घेतो. मूळ क्रियापदाचे तीन अर्थ तुमच्या एका दिवसात वस्तू होऊन भेटले.

एक व्याकरणाचा खिळा मारून ठेवतो, करवीरकन्येसाठी. पिक अप द बॅग चालतं, पिक द बॅग अपही चालतं. पण सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं. पिक इट अप. पिक अप इट म्हटलंत की मार्क गेला. याला कारण विचारू नका, तालावर ठरलेलं आहे.

पुण्यात_पोटासाठी

दर शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्सवाल्याचा मेसेज, ‘पिकअप पॉइंट स्वारगेट’, आणि रविवारी परतताना ‘पिकअप पॉइंट तावडे हॉटेल’. आमचं अख्खं आयुष्य या दोन पिकअपच्या मध्ये. आईला सांगताना मात्र तोंडात कधी पिकअप येत नाही. ‘गाडी तावडे हॉटेलला घेत्या’ म्हणतो. गाडी माणसाला ‘घेते’. हा शब्द कुणी सांगितला नाही अजून.

करवीरकन्या

सर, एक राहिलं. पिक अप ऑन. म्हणजे अपच्या पुढं आणखी एक ऑन. नोट्समध्ये ‘नोटिस’ एवढंच लिहिलंय.

माहेर_कागल

याला मी उत्तर देऊ का? माझी आजी घरात पाऊल टाकल्याबरोबर ओळखायची, आज नवरा-बायकोत काहीतरी बिनसलंय. कुणी काही बोललेलं नसायचं, फक्त चहाचा कप जरा जोरात ठेवलेला असायचा. ताडणे. हेरणे. पिक अप ऑन म्हणजे तेच ना?

खडू_फळा

ताई, मी याच्यापेक्षा चांगलं सांगू शकलो नसतो. ताडणे.

व्यापारी_पेठ

एक जण तरी ‘पिक अप द पीसेस’बद्दल बोलेल म्हणून वाट बघत होतो. माझं कापडाचं दुकान आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून पंचगंगा वर आली, आणि ती थांबलीच नाही. दुकानात छातीभर पाणी. ओसरल्यावर शटर वर केलं तर ताग्यांचा लगदा झालेला, वास असा की मळमळ. तेव्हा माझ्या पोराच्या मित्रानं बेंगळुरूहून मेसेज केला, होप यू आर पिकिंग अप द पीसेस.

पोरगं म्हणालं, बाबा, तो म्हणतोय तुकडे उचलताय ना. मी म्हटलं, तुकडे कुठले, लगदा आहे, फावड्यानं ओढावा लागतोय. पण नंतर कळलं, त्याला ‘सावरताय ना’ असं म्हणायचं होतं. आम्ही त्या वेळी एकमेकांना दुसरं काही विचारतच नव्हतो. दुकानासमोरून जाणारा प्रत्येक माणूस थांबायचा आणि म्हणायचा, ‘सावरलं का?’

२०२१ ला पुन्हा पाणी आलं. या वेळी ताग्यांचे गठ्ठे आधीच माळ्यावर उचलून ठेवले होते. त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते नका सांगू, मराठीतच बरं वाटलं.

लाल_माती

शेटजी, आम्ही तालमीची दहा पोरं तुमच्याच गल्लीत चिखल काढायला आलतो तवा. सावरलं न्हवं?

व्यापारी_पेठ

सावरलं. या कधी, चहाला.

शिरोली_डिस्पॅच

सगळ्यांचे आभार. धागा वाचून कळलेल्या अर्थांनी त्या चार ओळी साहेबांना मराठीत लिहून दिल्या. मालाला उठाव आलाय. तपासणीत एका नगाला बारीक तडा सापडला. नव्या नमुन्यांचं भाडं आमच्याकडं. ड्रॉइंगचं बोलणं सोमवारी पुढं नेऊ. साहेब म्हणाले, हे आधी सुचलं असतं तर.

पण आज दुपारी त्याच गिऱ्हाइकाचा नवा मेल आलाय. आमच्याकडं त्यांचा एक जुना साचा पडून आहे, त्याचं काय करायचं म्हणून मी विचारलं होतं. उत्तर एका ओळीचं: थँक्स, आय विल पिक धिस अप नेक्स्ट वीक.

आता हा पुढच्या आठवड्यात या विषयावर बोलणार आहे, का साचा न्यायला गाडी पाठवणार आहे? कर्म बघा म्हणाला होता सर. कर्म ‘धिस’ आहे!

बिनपाण्याची_मिसळ

भावा, फोन उचल आणि इचार.